मक्याच्या फुलोऱ्याच्या रचनेचे जनुकीय नकाशीकरण

मक्याच्या तुऱ्याची आणि कणसाची घडण ठरविणारी जनुके कोणत्या गुणसूत्रावर कोठे आहेत, हे संकरातून झालेल्या संततीत डीएनए-चिन्हकांच्या (डीएनएतील ओळखता येणाऱ्या खुणांच्या) आधारे शोधण्याच्या पद्धतीला फुलोऱ्याच्या रचनेचे जनुकीय नकाशीकरण म्हणतात. तुऱ्याच्या फांद्यांची संख्या, तुऱ्याची व कणसाची लांबी आणि कणसावरील दाण्यांच्या ओळी हे यात मुख्यतः अभ्यासले जाणारे गुण होत.

मक्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्याला तुरा असतो, तर पानाच्या बगलेत कणीस धरते. दोहोंची सुरुवात मात्र सारखीच होते. कणिशके (फुले धारण करणारे फुलोऱ्याचे छोटे घटक) जोडीजोडीने उगवतात, प्रत्येक कणिशकात दोन फुले असतात आणि प्रत्येक फुलात आरंभी पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. पुढे तुऱ्यातील स्त्रीकेसराची आणि कणसातील पुंकेसरांची वाढ खुंटते. कणिशके जोडीने येत असल्यामुळेच कणसावरील ओळी जवळजवळ नेहमी सम संख्येत भरतात.

पैदासकाराच्या दृष्टीने या दोन फुलोऱ्यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. मोठा तुरा वरच्या पानांवर सावली धरतो आणि कणसाला मिळू शकणारे अन्न खर्च करतो. पण संकरित बियाण्याच्या उत्पादनात नर वाणाच्या तुऱ्यातून भरपूर पराग सुटणेही आवश्यक असते. अमेरिकेच्या मका पट्ट्यात १९३० च्या दशकापासून आलेले संकरित वाण शेजारी शेजारी लावून पाहिले असता तुरा क्रमाने लहान होत गेल्याचे दिसते. म्हणूनच तुरा व कणीस यांच्यामागची जनुके कितपत समान आहेत, हा या अभ्यासातील कळीचा प्रश्न ठरतो.

नकाशीकरणासाठी फुलोऱ्याची ठेवण भिन्न असलेल्या दोन शुद्ध वाणांचा संकर करतात, त्यांच्या पुढील पिढ्यांतील झाडे अनेक ठिकाणी वाढवून मोजतात आणि कोणत्या चिन्हकाबरोबर गुणात सातत्याने फरक पडतो ते संख्याशास्त्राने तपासतात. अशा रीतीने सापडलेल्या गुणसूत्राच्या भागाला क्यूटीएल म्हणतात. एका संकरातून केवळ दोन पालकांमधील भेद कळतो. ही मर्यादा ओलांडण्यासाठी अमेरिकेत बी ७३ या वाणाचा २५ विविध वाणांशी संकर करून सुमारे ५,००० शुद्ध वंशांचा नॅम हा संच तयार करण्यात आला आणि २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बी ७३ चा जनुकसंच वाचून पूर्ण झाल्याने एखाद्या भागात नेमकी कोणती जनुके आहेत हे पाहणे सोपे झाले.

नॅम संचावरील २०११ च्या अभ्यासाचा निष्कर्ष विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कणसाच्या गुणांवर प्रभाव टाकणारे भाग तुऱ्याच्या गुणांवरील भागांपेक्षा अधिक परिणामकारक आढळले. मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे या रानटी गवतापासून मका घडत गेला. माणसाने या काळात निवडीचा जोर कणसावर दिला आणि त्याचे रूप पार पालटले, तुरा मात्र तुलनेने मूळ वळणाचा राहिला. दोन फुलोऱ्यांच्या जनुकीय घडणीतील या फरकाचे हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

काही जनुके दोन्ही फुलोऱ्यांत काम करतात. रामोसा १ या जनुकात बिघाड झाल्यास तुरा अतिशय फांद्याळ होतो आणि कणसालाही फांद्या फुटतात. फॅसिएटेड इअर २ हे जनुक वाढबिंदूतील (नवे अवयव जेथून उगवतात त्या टोकातील) मूलपेशींची संख्या आटोक्यात ठेवते. ते पूर्ण निकामी झाले तर कणीस पंख्यासारखे पसरट होऊन ओळी विस्कटतात. परंतु हे जनुक दाण्यांच्या ओळींच्या एका क्यूटीएलच्या जागी येते, आणि त्याच्या सौम्य रूपांमुळे कणसाचा आकार न बिघडता ओळी वाढतात, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. पैदासकारासाठी याचे मोल मोठे आहे, कारण निकामी जनुकाने केवळ त्याचे कार्य कळते, तर सौम्य रूप थेट वाणात आणता येते. चौथ्या गुणसूत्रावरील केआरएन ४ हा दाण्यांच्या ओळींचा क्यूटीएल तर कोणत्याही जनुकाच्या आत नाही. अनब्रँच्ड ३ या जनुकापासून सुमारे ६०,००० बेस-जोड्या (डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) दूर असलेला १,२०० बेस-जोड्यांचा तुकडा असणे वा नसणे यावर त्या जनुकाची अभिव्यक्ती (ते कितपत कार्यरत होते), आणि पर्यायाने ओळींची संख्या, कमीअधिक होते.

फुलोऱ्याच्या आकाराइतकेच त्याच्या वेळेलाही महत्त्व आहे. पाण्याचा ताण पडला की कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात, तोवर पराग सुटून गेलेला असतो आणि दाणे भरत नाहीत. मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने उष्ण कटिबंधातील मक्यात पराग सुटणे आणि केस बाहेर पडणे यांतील अंतरावर प्रभाव टाकणारे क्यूटीएल १९९६ मध्ये नोंदविले.

नकाशीकरणातून मिळालेले ज्ञान वाणात उतरविताना दोन अडचणी येतात. तुऱ्याच्या फांद्यांच्या संख्येवर अनेक लहान परिणामांच्या जागांचा प्रभाव असल्यामुळे एकेका चिन्हकावर आधारलेली निवड अपुरी पडते, आणि समशीतोष्ण वाणांत आढळलेला परिणाम उष्ण प्रदेशातील वाणांत तेवढाच राहील असे गृहीत धरता येत नाही. निवडीऐवजी जनुकात थेट बदल करणे हा दुसरा मार्ग आहे. २०२१ मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने मक्यातील, मूलपेशींच्या संख्येवर नियंत्रण ठेवणाऱ्या सीएलई जनुकांच्या नियंत्रक भागात बदल करून दाण्यांच्या ओळी वाढविण्यात आल्या.