तळ आपला, जमीन कुणाची?

‘अंटार्क्टिकावर भारताच्या मालकीची जागा आहे’ असं अनेकजण बिनधास्त सांगतात. मालकी नाही, दावाही नाही. भारताचे तिथे तळ आहेत. दावा आणि तळ या दोन गोष्टींची गल्लत इतकी सहज होते, कारण दोन्हीकडे झेंडा फडकताना दिसतो. पण दक्षिण ध्रुवाच्या बिंदूवर १९५६-५७ पासून तळ चालवणाऱ्या अमेरिकेने तिथली वीतभर जमीनही अधिकृतपणे मागितलेली नाही.

दावा म्हणजे ‘हा प्रदेश आमचा’ असं एखाद्या देशाने जगाला सांगणं. असे देश सातच आहेत: ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना. ब्रिटनने सुरुवात केली १९०८ मध्ये. सगळ्यात मोठा वाटा ऑस्ट्रेलियाने सांगितला, खंडाचा जवळजवळ ४२ टक्के. ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना तर एकाच द्वीपकल्पावर एकमेकांच्या हद्दीत घुसलेले आहेत. आपला हक्क ठसवायला अर्जेंटिनाने एस्पेरांसा तळावर कुटुंबं नेऊन ठेवली आणि १९७८ मध्ये तिथे एका बाळाचा जन्मही झाला. एवढा खटाटोप करूनही बहुतेक देश हे दावे मानत नाहीत. आणि गंमत म्हणजे मेरी बर्ड लँड नावाचा भलामोठा पट्टा सातांपैकी कुणीच मागितलेला नाही.

१९५९ च्या अंटार्क्टिका कराराने हे भांडण होतं तिथेच गोठवलं. कलम ४ सांगतं की जुने दावे कुणी सोडले असं धरायचं नाही, ते इतरांनी मान्य केले असंही नाही; मात्र करार लागू असेपर्यंत नवा दावा नाही, जुना वाढवायचा नाही. या काळात तिथे काहीही बांधलं तरी त्यावरून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. माझ्या मते संपूर्ण करारातली सगळ्यात चतुर तरतूद हीच.

मग तळ कशाला? संशोधनाला, हे उघड आहे. शिवाय मतासाठी. तळ उभारून किंवा मोहीम पाठवून भरीव संशोधन करणाऱ्या देशाला निर्णयाच्या बैठकीत मत मिळतं. भारताने ते सप्टेंबर १९८३ मध्ये मिळवलं. त्याआधी डिसेंबर १९८१ मध्ये पहिली मोहीम गोव्याहून निघाली होती. आज ‘मैत्री’ तळ नॉर्वेच्या दाव्यातल्या भागात उभा आहे, ‘भारती’ ऑस्ट्रेलियाच्या. ‘भारती’च्या परिसरातच रशियाचा आणि चीनचाही तळ आहे. यांतल्या कुणीही ऑस्ट्रेलियाकडून जमीन विकत किंवा भाड्याने घेतलेली नाही. ‘भारती’ बांधण्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल भारताने करारातल्या देशांसमोर ठेवला, तेवढंच.

तळाचं दारही पूर्ण आपलं नसतं. मताधिकार असलेला कुठलाही देश निरीक्षक पाठवून तळाची पाहणी करू शकतो, दावा असलेल्या देशाच्या तळाचीसुद्धा.

२०२४ मध्ये ‘भारती’ तळावर पोस्ट ऑफिस सुरू झालं आणि त्याला पिन मिळाला ‘एमएच-१७१८’. गोव्याचं टपाल महाराष्ट्र परिमंडळात येतं आणि मोहिमांचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. तेव्हा हे ‘एमएच’ पाहून कुणी महाराष्ट्राची हद्द दक्षिणेकडे वाढवू नये. २०२२ चा भारतीय अंटार्क्टिका कायदाही आपली माणसं, जहाजं आणि मोहिमा यांनाच बांधतो, बर्फावर हक्क सांगत नाही.