क्लच स्लिप होतोय? ऑइल बदलण्याआधी हे वाचा

"क्लच स्लिप मारतोय, तेवढं क्लच ऑइल बदलून द्या," असं बरेच ग्राहक सांगतात. ऑइल बदलून देऊ, पण त्याने स्लिप बहुतेक वेळा थांबत नाही. म्हणून आधी तक्रार नीट ओळखू या.

क्लच स्लिप होतो तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर किंवा गाडी भरलेली असताना हे आधी जाणवतं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी 50 किमीच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लचची प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) घसरतेय. हे एकदाच करून पाहा. पुन्हापुन्हा केलं तर प्लेट तापून करपते.

कारण बहुधा झिजलेलं लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घर्षणाचा थर, असतं. कधी इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळालेलं तेल प्लेटवर येतं. तेव्हा सील न बदलता नुसती प्लेट टाकणं म्हणजे पैसे वाया. केबलचा क्लच असेल तर आम्ही आधी पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची पेडलची मोकळी चाल) बघतो. केबल गरजेपेक्षा घट्ट असेल तर नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटनेही काम होऊ शकतं. अशा गाडीत क्लच ऑइल नसतंच.

ऑइलची तक्रार वेगळी असते. पेडल मऊ लागतं, खालीच राहतं, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होतं, दोन-तीनदा पंप केल्यावरच गिअर पडतो. ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा क्लचचा सिलेंडर गळतोय, असं समजा.

हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच असतं, डॉट 3 किंवा डॉट 4. कोणतं ते ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दर 2 वर्षांनी बदलावं. बदलताना एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा स्लेव्ह सिलेंडरचा (गिअरबॉक्सजवळच्या क्लच सिलेंडरचा) हवा काढायचा निपल सोडून पुन्हा आवळतो, मगच पेडल वर येऊ द्यायचं. काळपट ऑइल जाऊन स्वच्छ, बुडबुड्यांशिवायचं येईपर्यंत हे चालतं. डबा मध्येच रिकामा झाला तर पुन्हा हवा शिरते. बॉनेटवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

पातळी सारखी उतरत असेल तर वरून भरत राहू नका. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो, म्हणजे धोका ब्रेकलाही असतो. अशी गाडी चालवत न आणता आम्हाला बोलवा.

प्लेट बदलली तर जुनी मागून घ्या. रिव्हेटपर्यंत झिजलेली आहे की तेलाने माखलेली, ते तुम्हालाच दिसेल.