नादारी घेतली की सगळं कर्ज माफ?

"कोर्टात नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज टाका, सगळं कर्ज एका फटक्यात माफ." हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. हप्त्यांनी गांजलेल्या माणसाला तो पटावा यात नवल नाही.

मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा नादारी कायदा आहे. १९२० च्या कायद्यात कलम २८ बघा. कोर्टाने नादार ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं अशा काही गोष्टी सुटतात. घर तारण असेल तर त्यावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो.

कर्जातून सुटका लगेच होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि कोर्ट तो नाकारूही शकतं. तोवर आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमदारकी-खासदारकीही लढवता येत नाही.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती कलम ४४ ची. सुटका झाली तरी सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि कोर्टाने ठरवलेली पोटगी राहतेच. आणि जामीनदार सुटत नाही! कागदावर मेहुण्याने सही केली असेल, तर बँक त्याच्या दारात उभी राहते.

कायदा केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. त्याआधी कपाटातला कर्जाचा करार काढा, जामीनदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघा आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा.