झमान आणि येनी शफाक : दोघांनाही 'एर्दोगानचा पेपर' म्हणणं आता तरी थांबवा

इराणच्या अणुकार्यक्रमावर चर्चा सुरू झाली की कुठूनतरी एक जुनं तुर्की कात्रण बाहेर निघतं आणि खाली कुणीतरी ठासून लिहितं, 'तुर्कस्तानचा सरकारी पेपर झमान म्हणतो की...' मग दुसरा येनी शफाकचा लेख डकवतो आणि म्हणतो, दोन्ही एकच हो, इस्लामी आणि एर्दोगानचे. कात्रण 2010 चं आहे की 2014 चं हे कुणी बघतच नाही. हा घोळ एवढ्या वेळा वाचलाय की आता सविस्तर लिहितोच, कारण या एका चुकीमुळे तुर्कस्तान आणि इराण यांच्यातली अख्खी दहा वर्षं उलटी वाचली जातात.

येनी शफाक तुम्हाला माहीतच आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेला, अल्बायराक ग्रुपच्या मालकीचा, एर्दोगान जे बोलतील त्याच्या दोन पावलं पुढे जाऊन बोलणारा. त्याची इंग्रजी वेबसाइट आपल्याकडेही बरीच शेअर होते, त्यामुळे जास्त सांगत नाही. एकच सांगतो, कारण तिथेही लोक हमखास चुकतात : हे अल्बायराक म्हणजे एर्दोगानचे जावई बेरात अल्बायराक नव्हेत. आडनाव सारखं, दोन्ही घराणी ट्राब्झोन भागातली, पण कुटुंबं वेगळी. जावयाच्या भावाकडे कारभार आहे तो 'सबाह' या दुसऱ्या पेपरचा. हे एकदा डोक्यात पक्कं बसवा.

झमान 1986 मध्ये निघाला. खप कागदावर दहा लाखांच्या आसपास जायचा, बहुतेक सगळा वर्गणीदारांचा. येनी शफाक त्याच्या एक दशांश वगैरे. झमानची मांडणी नीटनेटकी, भाषा सौम्य, पाश्चिमात्य वाचकाला पटेल अशी. येनी शफाकचा आवाज चढा. झमानची इंग्रजी आवृत्ती 'टुडेज झमान' 2007 पासून होती आणि इंग्रजीत सहज मिळायची म्हणून जगभरचे डेस्क तिलाच अंकाराचा आवाज समजून कोट करत बसले. हे सगळे फरक खरे असले तरी किरकोळ आहेत, यांच्यामुळे कुणी फसत नाही.

लोक फसतात ते मालक ओळखण्यात. मालक म्हणजे कंपनीच्या कागदावरचं नाव नाही म्हणत मी, पेपर शेवटी कुणाचं ऐकतो ते म्हणतोय. येनी शफाक ऐकतो एर्दोगानच्या एके पक्षाचं, म्हणजे नेत्याचं. झमान ऐकायचा अमेरिकेत राहणारे तुर्की धर्मगुरू फेतुल्ला गुलेन यांच्या जमातीचं, जी कधीच कुठल्या पक्षाची नव्हती, जिच्याकडे शाळा होत्या, क्लासेस होते, बँक होती आणि पोलीस नि न्यायखात्यात बसलेली माणसं होती. 2002 मध्ये एके पक्ष सत्तेवर आल्यानंतर दोघांचा शत्रू एकच होता, लष्कर आणि जुनी सेक्युलर नोकरशाही, म्हणून दहा वर्षं दोघे एका सुरात बोलले. बघणाऱ्याला वाटलं दोघं एकाच घरातले आहेत, तर ते एकाच गाडीत बसलेले दोन प्रवासी होते आणि उतरायचं ठिकाण पहिल्यापासून वेगळं होतं.

आणि हे वेगळेपण सगळ्यात आधी कुठे दिसलं असेल तर इराणवर. त्याचं मूळ जुनं आहे. एर्दोगान घडले ते नज्मेत्तिन एर्बाकान यांच्या मिल्ली गोरुश या इस्लामी राजकीय चळवळीत. हे एर्बाकान 1996 मध्ये पंतप्रधान झाले आणि थोड्याच दिवसांत तेहरानला जाऊन अमेरिकेच्या नाकावर टिच्चून गॅसचा मोठा करार करून आले. या परंपरेत इराण म्हणजे शिया असला तरी मुसलमान शेजारी, पश्चिमेपुढे न झुकणारा. गुलेन यांची परंपरा पूर्ण वेगळी : सुन्नी, तुर्की राष्ट्रवादी, कम्युनिझमविरोधी, अमेरिकेशी जुळवून घेणारी, आणि इराणच्या क्रांतीकडे मनापासून संशयाने बघणारी. 1997 मध्ये लष्कर एर्बाकानच्या मागे लागलं तेव्हा गुलेन यांनी टीव्हीवर या सरकारने आता पायउतार व्हावं असंच सुचवलं होतं. हे ज्याला माहीत आहे तो झमान आणि येनी शफाकला कधीच एका पिशवीत भरणार नाही.

आता मे-जून 2010 बघा. 17 मे ला तेहरानमध्ये तुर्कस्तान, ब्राझील आणि इराण यांचा जाहीरनामा झाला. दावुतोग्लू, आमोरिम आणि मोत्तकी या तीन परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या, मागे एर्दोगान, लुला आणि अहमदीनेजाद हात उंचावून उभे. ठरलं असं की इराण आपलं कमी समृद्ध केलेलं 1200 किलो युरेनियम महिन्याभरात तुर्कस्तानात ठेवायला देणार आणि बदल्यात वर्षभरात तेहरानच्या संशोधन अणुभट्टीसाठी 120 किलो इंधन मिळणार. दुसऱ्याच दिवशी हिलरी क्लिंटननी सांगितलं की निर्बंधांच्या ठरावावर बड्या देशांचं एकमत झालंय. तुर्कस्तानात संताप झाला आणि तो पूर्ण बिनबुडाचा नव्हता, कारण ओबामांनी एप्रिलमध्ये लुलांना जे पत्र लिहिलं त्यात हेच 1200 किलो होते. पण अशा अदलाबदलीचा प्रस्ताव आधी आला तेव्हा, ऑक्टोबर 2009 मध्ये, 1200 किलो म्हणजे इराणच्या साठ्याचा बहुतांश भाग होता आणि मे 2010 पर्यंत तो जेमतेम निम्मा राहिला होता, वर फेब्रुवारीपासून इराणने 20 टक्क्यांचं समृद्धीकरणही सुरू केलं होतं. आकडा तोच, अर्थ बदललेला. जल्लोष करणाऱ्या तुर्की पानांवर हा मुद्दा जिथे आला तिथेही तळाशी आला, आणि मला यात दोन्ही गटांचे पेपर दोषी वाटतात.

त्याच महिन्यात देशात काय चाललं होतं? 10 मे ला विरोधी सीएचपीचे नेते डेनिझ बायकाल एका चोरून काढलेल्या व्हिडिओमुळे राजीनामा देऊन बसले, 22 मे ला किलिचदारोग्लू पक्षाध्यक्ष झाले, आणि सप्टेंबरमध्ये सरकारने आणलेल्या घटनादुरुस्तीवर सार्वमत व्हायचं होतं. या सार्वमतावर झमान आणि येनी शफाक खांद्याला खांदा लावून 'हो'च्या बाजूने. गुलेन यांनी तर जमलं तर कबरीतल्या मेलेल्यांनाही उठवून 'हो' मत द्यायला लावावं इतपत सांगितलं. म्हणजे घरातली युती नेमकी तेव्हा सगळ्यात घट्ट होती. जो फक्त देशातल्या बातम्यांची पानं वाचेल त्याला हे दोन पेपर जुळे भाऊ वाटणारच.

पण परदेशाची पानं उघडा. 31 मे ला इस्रायली कमांडोंनी गाझाला मदत घेऊन निघालेल्या मावी मारमारा या तुर्की जहाजावर हल्ला केला, नऊ जण मेले. येनी शफाकच्या जगात हे शहीद होते, विषय संपला. आणि 4 जूनला अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये गुलेन यांची मुलाखत आली, त्यात ते म्हणाले की आयोजकांनी इस्रायलशी आधी बोलून परवानगी घ्यायला हवी होती, तसं न करणं म्हणजे अधिकाराला आव्हान देणं आहे. देश उकळत असताना, मयतांची माती ओली असताना हे वाक्य. पाच दिवसांनी, 9 जूनला, सुरक्षा परिषदेत इराणवरच्या निर्बंधांच्या 1929 क्रमांकाच्या ठरावाविरुद्ध तुर्कस्तान आणि ब्राझील या दोघांनीच मत दिलं. बारा बाजूने, लेबनॉन तटस्थ. झमानने सरकारची बाजू सोडली नाही, पण तिथला सूर मुत्सद्देगिरीचा होता, तुर्कस्तान पश्चिमेपासून दूर जात नाहीये हे पटवून देणारा. येनी शफाकला पश्चिमेला पटवून द्यायची गरजच वाटत नव्हती. ज्यांना ही फट 2013 मध्ये अचानक पडली असं वाटतं त्यांनी या तीन आठवड्यांची पानं शेजारी ठेवून बघावीत.

फिदान यांचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. हाकान फिदान, म्हणजे आजचे परराष्ट्रमंत्री, तेहरानच्या वाटाघाटींतले एक महत्त्वाचे अधिकारी, त्याच मे 2010 मध्ये गुप्तचर संस्था एमआयटीचे प्रमुख झाले. इस्रायलचे संरक्षणमंत्री एहुद बराक यांनी लगेच त्यांना इराणचा समर्थक म्हटलं. फेब्रुवारी 2012 मध्ये इस्तंबूलच्या एका सरकारी वकिलाने त्यांना संशयित म्हणून चौकशीला बोलावलं. कागदावर कारण होतं पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेशी झालेल्या गुप्त बोलण्यांचं. येनी शफाक फिदानभोवती भिंतीसारखा उभा राहिला. जमातीच्या माध्यमांचा सूर कायद्याला त्याचं काम करू द्या असा. सरकारने घाईघाईने कायदा बदलून पंतप्रधानांच्या, म्हणजे तेव्हा एर्दोगानच्याच, परवानगीशिवाय चौकशीच होणार नाही असं करून टाकलं, आणि दोनच महिन्यांनी, 14 एप्रिलला, इराण आणि सहा बडे देश अणुकार्यक्रमावर बोलायला इस्तंबूलमध्ये टेबलावर बसले. जगाने यजमान तुर्कस्तान बघितला, आत काय पेटलंय ते फार थोड्यांनी.

मग 2013. 14 नोव्हेंबरला झमानने पहिल्या पानावर फोडलं की सरकार खाजगी क्लासेस बंद करायला निघालंय. क्लासेस म्हणजे जमातीचा कणा, पैसाही तिथून आणि पोरंही तिथून. त्यानंतर दहा दिवसांनी जिनिव्हात इराणचा अंतरिम अणुकरार झाला, आणि 17 डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनी मंत्र्यांच्या मुलांना उचललं, सोन्याचा व्यापारी रेझा झर्राब आणि सरकारी हाल्कबँकेचे प्रमुख सुलेमान अस्लान यांना उचललं. अस्लान यांच्या घरात बुटांच्या खोक्यांमध्ये 45 लाख डॉलर सापडले.

इथे थोडं थांबा, कारण सगळा गुंता या खोक्यांत आहे. तुर्कस्तान इराणकडून गॅस घ्यायचा, पैसे लिरामध्ये हाल्कबँकेत जमा व्हायचे, आणि अणुकार्यक्रमामुळे लागलेल्या निर्बंधांमुळे इराणला ते बाहेर नेता यायचे नाहीत. मग त्या पैशाचं सोनं घ्यायचं आणि सोनं पाठवायचं, आधी थेट इराणला, नंतर दुबईमार्गे. 2012 मध्ये एकट्या इराणला साडेसहा अब्ज डॉलरच्या आसपास सोनं गेलं. जुलै 2013 मध्ये अमेरिकेने ही वाट बंद केली. (आणि हो, भारतीय तेल कंपन्यांनीही 2011 नंतर काही काळ इराणच्या तेलाचे पैसे याच हाल्कबँकेतून चुकते केले, त्यामुळे हे नाव आपल्या अर्थपानांनाही नवीन नाही.)

आता एकच घटना दोन पेपरात बघा. झमानचा वाचक वाचत होता लाच, खोकी, मंत्र्यांची पोरं. येनी शफाकचा वाचक वाचत होता की इराणशी व्यापार करते म्हणून अमेरिका आणि इस्रायलने तुर्कस्तानच्या राष्ट्रीय बँकेवर हल्ला चढवलाय आणि पोलिसांतली जमात त्यांची हस्तक आहे. माझं स्पष्ट मत आहे की दोघांनी अर्धं अर्धं लपवलं. झमानने हे कधी नीट सांगितलं नाही की फाइल उघडणारे पोलीस आणि सरकारी वकील कुणाच्या जवळचे आणि नेमका हाच मुहूर्त का. येनी शफाकने खोक्यांमधले पैसे आले कुठून हे विचारलंच नाही. नंतर न्यूयॉर्कच्या कोर्टात झर्राबने साक्ष दिली की निर्बंध चुकवण्यासाठी आपण माजी अर्थमंत्री चालायान यांना लाच दिली, आणि जानेवारी 2018 मध्ये हाल्कबँकेचे उपप्रमुख मेहमेत हाकान अतिल्ला दोषी ठरले. निर्बंध चुकवणं आणि लाच, एकाच फाइलमध्ये दोन्ही.

24 फेब्रुवारी 2014 ला येनी शफाक आणि सरकारच्याच बाजूचा 'स्टार' यांनी मिळून छापलं की जमातीच्या जवळच्या सरकारी वकिलांनी हजारो लोकांचे फोन टॅप केले, एर्दोगान आणि फिदान यांच्यासकट. कुठल्या नावाखाली? 'सलाम-तौहीद' नावाच्या इराणशी जोडलेल्या दहशतवादी संघटनेच्या तपासाखाली. म्हणजे जमातीच्या बाजूने सरकार इराणच्या खिशात आणि सरकारच्या बाजूने जमात अमेरिकेच्या खिशात. त्या काळात तुर्की पेपरात इराणची बातमी ही बऱ्याचदा इराणची बातमीच नसायची, घरातल्या भांडणातला दगड असायची.

म्हणून झमानचं कात्रण हातात आलं की आधी तारीख बघा, त्याशिवाय त्याला काडीची किंमत नाही. 2013 च्या नोव्हेंबरआधीचं असेल तर तो सरकारचा मित्र आहे, आवाज नाही, आणि इराण-इस्रायलवर त्याचं वेगळं मत ओळींच्या मधे शोधावं लागतं. त्यानंतरचं असेल तर तो उघड शत्रू आहे, संपादक एक्रेम दुमानलींना डिसेंबर 2014 मध्ये ताब्यात घेतलं ते याच काळात. आणि 4 मार्च 2016 ला कोर्टाने पेपरवर सरकारी विश्वस्त बसवले, पोलीस अश्रुधूर सोडत येनीबोस्नाच्या इमारतीत घुसले, दोन दिवसांनी निघालेल्या अंकावर एर्दोगान हसतायत आणि बॉस्फरसवरच्या तिसऱ्या पुलाचं कौतुक. जुलैमधल्या फसलेल्या लष्करी बंडानंतर पेपरच बंद झाला. म्हणजे 'सरकारी पेपर झमान' हे वाक्य खरं ठरेल असे महिने आहेत पाचेक, मार्च ते जुलै 2016, आणि लोक डकवतात त्या कात्रणांपैकी एकही मला अजून त्या महिन्यांतलं दिसलेलं नाही.