जलतरण तलावाचे पाणी: बिघाड आणि निदान (बेळगाव सीमाभाग)

जलतरण तलावाचे पाणी गढूळ, हिरवे, तांबूस किंवा डोळ्यांना झोंबणारे झाल्यास त्याचे मूळ यंत्रणेत आहे, रसायनात आहे की भरलेल्या पाण्यातच आहे, हे ठरवण्याच्या पद्धतीची ही नोंद आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा तलावाला सर्रास ‘स्विमिंग टँक’ किंवा नुसते ‘टँक’ म्हणतात. एके काळी इथली मुले सुटीत कमरेला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. विहिरीला झरे असतात. टँकमध्ये तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरायचे असते. त्यामुळे पाणी फिरणे थांबले की बाकी सारे उपाय लंगडे पडतात.

२५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँकमध्ये साडेचार लाख लिटर पाणी मावते. ते सहा तासांत एकदा फिरवायचे तर मोटरने ताशी ७५,००० लिटर पाणी ओढले पाहिजे. पाणी तळाच्या जाळीतून व काठच्या स्किमरमधून (पृष्ठभागावरचे पाणी ओढणारे तोंड) केस-कचरा अडवणाऱ्या गाळणीत येते, तिथून मोटर, वाळूचा फिल्टर, क्लोरिन आणि परत टँक असा त्याचा फेरा असतो.

पाणी बिघडले की आधी ब्लिचिंग पावडरचे पोते फोडायचे, ही सवय फार रुजलेली आहे आणि ती सोडायलाच हवी. पहिली नजर फिल्टरवरच्या प्रेशर गेजकडे जावी. वाळू नुकतीच धुतलेली असताना काटा कुठे असतो, तिथे मार्करने खूण करून ठेवावी. त्या खुणेपेक्षा काटा अर्धा ते पाऊण किलो (दर चौरस सेंटिमीटरला) वर चढला की वाळूत घाण भरली, बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुवायची. काचेच्या नळीतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तो चालवावा आणि नंतर मिनिटभर रिन्स करावे, म्हणजे सुलट सोडलेले पाणी टँकऐवजी ड्रेनेजला घालवावे, नाहीतर पहिला गढूळ लोंढा थेट टँकमध्ये येतो. हे बदल ज्याने करतात त्या फिल्टरच्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी मोटर बंद केलीच पाहिजे. चालू मोटरवर दांडा फिरवला तर आतले गॅस्केट फाटते, पाणी गुपचूप ड्रेनेजला जाऊ लागते आणि पातळी उतरते म्हणून लोक फरशीत तडा शोधत बसतात.

काटा खुणेच्या खाली आला तर दोष बहुधा ओढीच्या बाजूला असतो: गाळणी तुंबलेली, पातळी स्किमरच्या खाली गेलेली किंवा गाळणीच्या झाकणाचे रबर सुकलेले. पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे नाचताना दिसले तर हवा शिरते आहे, हे नक्की. गावाकडच्या रिसॉर्टवर आणखी एक कारण तपासावे. लाइनवर दुरुस्ती होऊन थ्री-फेज वीज परत येते तेव्हा फेजची अदलाबदल झालेली असू शकते. मग मोटर उलटी फिरते. आवाज येतो, थोडे पाणीही येते, पण काटा उठत नाही. स्टार्टरमधल्या दोन वायरी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतल्या की काम होते.

या भागात टँक कुठल्या पाण्याने भरला, हे विचारल्याशिवाय निदान पुरे होत नाही. खानापूरकडे जांभा दगड आहे आणि काही विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. काढताना ते नितळ दिसते; क्लोरिन पडताच लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन चहासारखा रंग चढतो. त्याला शेवाळ समजून क्लोरिन वाढवत राहणे व्यर्थ. तुरटीने गाळ बसवावा, तो सक्शनने थेट बाहेर टाकावा आणि फिल्टर वरचेवर धुवावा. पूर्वेकडे अथणी, रायबागच्या काळ्या मातीत बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. तिथे फरशीवर पांढरे थर धरतात, वाळूच्या गाठी होतात आणि ब्लिचिंग पावडर त्यात आणखी कॅल्शियमची भर घालते. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचे पाणी शुद्ध होऊन येते, त्यामुळे तिथे हे दोन्ही त्रास कमी.

रसायनांत आधी पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, पाहावा. तो ७.२ ते ७.८ या दरम्यान हवा. जंतू मारणारे हायपोक्लोरस आम्ल पीएच ७.५ ला मोकळ्या क्लोरिनच्या निम्मे असते, ८ ला जेमतेम पाव उरते. म्हणजे क्लोरिन असूनही काम होत नाही. टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) ही क्लोरिन देणारी पावडर सोयीची, पण तिच्यातून मिळणाऱ्या दर १० मिलिग्रॅम क्लोरिनमागे सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल पाण्यात साठते. उन्हाळ्यात टंचाईमुळे पाणी बदलले जात नाही, साठा वाढतो, ते आम्ल क्लोरिनला धरून ठेवते आणि तपासणीत क्लोरिन भरपूर दिसत असताना टँक शेवाळाने हिरवा पडतो. यावर थोडे पाणी काढून नवे भरणे, एवढाच खात्रीचा उपाय आहे. डोळे झोंबणे आणि उग्र वास हे बहुतेक वेळा घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरिनचे लक्षण असते. पोहण्याआधी अंघोळीची सक्ती केल्याने तो त्रास सर्वांत स्वस्तात कमी होतो. टीसीसीए आणि ब्लिचिंग पावडर एकाच डब्यात कधीही मिसळू नये, आग लागते. ॲसिड आणि क्लोरिन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. पाण्याच्या तळाची जाळी काठावरून दिसत नसेल, तर त्या दिवशी एकाही मुलाला उतरू देऊ नये: बुडणारे मूल वरून दिसणार नाही.

चोर्ला घाट उतरून समुद्रावर गेले की यॉटवरच्या टँकलाही हीच यंत्रणा, फक्त दाटीवाटीने बसवलेली असते. तिथे बोट कलली की स्किमर उघडा पडून मोटर हवा ओढते, म्हणून पाण्याला वेगळी बॅलन्स टाकी (पातळी सांभाळणारी जोडटाकी) ठेवतात. समुद्राचे पाणी भरले तर त्यातल्या ब्रोमाइडपासून क्लोरिनमुळे ब्रोमिन तयार होते, आणि क्षारामुळे स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. बोटीवरच खारेपण काढून केलेले पाणी उलट इतके मऊ असते की पीएच सतत डगमगतो. त्यात खाण्याचा सोडा टाकून अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) उचलावी लागते. टँकमधले हेलकावणारे पाणी बोटीचा तोल बिघडवते, म्हणून समुद्र खवळण्याआधी तो रिकामा करतात.