दौलताबादच्या टोमण्यातला चरखा

हस्तकला स्टुडिओत चरखा शिकायला बसलं की पहिला आठवडा सूत तुटण्यातच जातो. उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हातातला पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) चातीपासून, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या टोकदार सळईपासून, मागे न्यायचा असतो. घाई झाली तर पीळ बसण्याआधीच कापूस सुटतो, रेंगाळलात तर सूत गाठाळ होतं. हे सांभाळताना आपल्या डोळ्यांपुढे गांधीजी असतात. संभाजीनगरात शिकणाऱ्यांनी मात्र दौलताबादही आठवावं, असं मला फार वाटतं.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला हलवलं. त्यांत इसामी नावाचा कोवळा पोरगा होता. सोबतचे नव्वदीचे आजोबा वाटेतच वारले. पुढे १३५० मध्ये त्याने ‘फुतूह-उस्-सलातीन’ हा फारसी काव्यग्रंथ पूर्ण केला. त्याच्याआधी दिल्लीच्या गादीवर बसलेल्या रझिया सुलतानाचं राज्य करणं त्याला खुपत होतं. बाईने चरखा घेऊन बसावं, असं तो त्यात सुनावतो. चरख्याचा भारतातला सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख म्हणून इतिहासकार इरफान हबीब यांनी याच ओळींकडे बोट दाखवलं. टोमणा बायकांना होता, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते: चरखा म्हणजे काय हे तेव्हा वाचकाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

कापड त्याहून कितीतरी जुनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, येथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. ते सूत चरख्याचं नव्हे, टकळीवरचं, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवरचं असणार. एक माग चालता ठेवायला कातणारे हात बरेच लागतात आणि हे काम बहुतेक बायकांचंच होतं. पैठणीला पैठणचं नाव मिळालं, सुती ताणा (उभे धागे) आणि रेशमी बाणा (आडवे धागे) असलेल्या हिमरू कापडाला औरंगाबादचं. कातणारीचं नाव कशालाच मिळालं नाही. याची मला खंत आहे.

१८८९ मध्ये औरंगाबादेत कापड गिरणी निघाली, १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली, मग सरकी काढण्याचे कारखाने. विणकराला गिरणीचं सूत स्वस्त पडू लागलं. माग कसेबसे तगले, चरखा माळ्यावर गेला. गुजरातेतही वेगळं नव्हतं: गांधीजींना चरखा हवा होता, तेव्हा त्यांच्या सहकारी गंगाबेन मजमुदार यांना तो बरीच शोधाशोध केल्यावर बडोदा संस्थानातल्या विजापूरला सापडला.

मराठवाड्यात खादीचं काम पुढे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीने उभं केलं. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. ध्वजाचं कापड उदगीरला विणलं जातं. राष्ट्रध्वज हातसुताच्या, हातमागाच्याच कापडाचा असावा, हा नियम डिसेंबर २०२१ मध्ये बदलला. आता यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालतो. तोवर ध्वजाच्या कापडात गिरणीच्या सुताला शिरकाव नव्हता.