टीव्हीच्या पाठीमागचा कोसाइन

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच. "नेट २०० एमबीपीएसचं घेतलं, टीव्ही फोर-के आहे, तरी चित्र धुरकट का?" की सल्ले सुरू. राउटर बदला, प्लॅन वाढवा, सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल घ्या. शेवटचा सल्ला म्हणजे शुद्ध गंडेदोरे. एचडीएमआय केबलमधून शून्य आणि एक जातात. ते नीट पोहोचले तर चित्र जसंच्या तसं दिसतं. केबल खराब असेल तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. सोनं लावल्याने नायिकेचा चेहरा उजळत नाही.

नेटचा वेग तरी कितीसा लागतो? नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरे म्हणतं आणि फोर-केसाठी १५. म्हणजे २०० एमबीपीएसमध्ये फोर-केचे तेरा सिनेमे एका वेळी मावतात. वाय-फायचा सिग्नल टीव्हीपर्यंत धड पोहोचत असेल, तर बरेचदा घोडं पेंड खातं ते टीव्हीच्या पोर्टात खुपसलेल्या स्टिकपाशी. त्या स्टिकमध्ये दाबून पाठवलेलं चित्र पुन्हा उलगडणारं एक सर्किट असतं, त्याचं नाव डीकोडर. रोकू ही टीव्हीचे बॉक्स बनवणारी अमेरिकन कंपनी, ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांची दिवाणखान्यातल्या टीव्हीवरून पंधरा-सतरा वर्षं जुंपली आहे. बाहेरून ती भांडणं रिमोटची आणि ॲपची वाटतात, पण त्यातली बरीचशी या डीकोडरपाशी येऊन थांबतात.

आधी एक गुणाकार करू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट लागतात आणि सेकंदाला २५ चित्रं धरू. उत्तर येतं सुमारे १२४ कोटी बिट दर सेकंदाला, म्हणजे १२४४ एमबीपीएस. आणि आपण बघतो ५ मध्ये. जवळपास अडीचशेपट दाबलेलं चित्र आपण रोज आनंदाने बघत असतो.

एवढं दाबायचं तर काहीतरी टाकून द्यावंच लागतं. पहिला बळी रंगाचा. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतात आणि रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. तेवढ्यानेच निम्मं ओझं उतरतं. दुसरी युक्ती हालचालीची. चौकार जातो तेव्हा कॅमेरा चेंडूमागे वळतो, पण मैदानावरचं गवत तेच असतं, फक्त सरकलेलं. मग गवत पुन्हा कशाला पाठवायचं? "मागच्या चित्रातला हा ठोकळा (ठिपक्यांचा छोटा चौकोन) सहा ठिपके डावीकडे घे" एवढी सूचना पुरते. सूचनेप्रमाणे बनवलेलं चित्र आणि खरं चित्र यांत जो किरकोळ फरक उरतो, तेवढाच पाठवायचा.

तो फरक कसा पाठवायचा, हा माझ्या आवडीचा भाग.

१९७२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात नासिर अहमद नावाचे प्राध्यापक होते, मूळचे बेंगळुरूचे. चित्रातले आकडे कोसाइनच्या लाटांमध्ये मोडले तर ते फार कमी जागेत बसतील, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधनासाठी पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. पुढे अहमद यांनीच लिहून ठेवलंय की एका परीक्षकाला ही कल्पना फारच सोपी वाटली होती. तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांचा छोटासा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज मोबाइलमधल्या जेपीईजी फोटोपासून फोर-के सिनेमापर्यंत जवळपास सगळं त्या निबंधावर उभं आहे.

कल्पना खरंच सोपी आहे. दहावीतला कोसाइन आठवत असेल तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. समजा चित्राच्या एका ओळीतल्या आठ ठिपक्यांचा उजेड असा आहे: १००, १०२, १०६, ११२, ११८, १२४, १२८, १३०. डावीकडे जरा अंधार, उजवीकडे उजेड. गालावर पडलेला खिडकीचा प्रकाश असा असू शकतो. या आठ आकड्यांची सरासरी ११५ येते. आता ११.२५ अंशांचा कोसाइन घ्या, ०.९८१ येतो. त्याला १५.४ ने गुणा आणि ११५ मधून वजा करा. येतात ९९.९, म्हणजे १००. पहिला ठिपका मिळाला! आता कोनात २२.५ अंश मिळवा. ३३.७५ अंशांचा कोसाइन ०.८३१, तोच गुणाकार, तीच वजाबाकी केली की १०२. पुढचा कोन ५६.२५, त्यातून १०६. असं १६८.७५ अंशांपर्यंत जा. नव्वद अंशांनंतर कोसाइन उणे होतो, त्यामुळे वजाबाकीची बेरीज होते आणि आकडे ११५ च्या वर चढत १३० पर्यंत जातात. पूर्णांकात घेतले तर आठही ठिपके बरोब्बर परत येतात.

म्हणजे आठ आकडे पाठवायची गरजच नव्हती. ११५ आणि १५.४, दोन आकड्यांत काम झालं.

आता हे उदाहरण मी सोयीचं निवडलं आहे, हे उघड आहे. खऱ्या चित्रात आठ ठिपक्यांसाठी आठ लाटा लागतात. पहिली सपाट, दुसरी आपण वापरली ती, तिसरी तिच्या दुप्पट वेगाने वरखाली होणारी, असं करत आठवी अगदी दातेरी. ८ बाय ८ च्या ठोकळ्यात आडव्या आणि उभ्या लाटांच्या गुणाकाराने ६४ नक्ष्या तयार होतात. पण गाल, आकाश, भिंत, साडीचा पदर यांत शेजारचे ठिपके एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे जवळपास सगळा ऐवज पहिल्या चार-पाच नक्ष्यांत गोळा होतो आणि बाकीच्यांच्या वाट्याला शून्याच्या आसपासचे आकडे येतात.

कोसाइनच का, साइन का नाही? त्याआधीची प्रसिद्ध पद्धत फूरियेची. त्यात साइन आणि कोसाइन दोन्ही येतात, पण ती पद्धत असं धरून चालते की ठोकळा संपला की तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आपल्या ओळीत १३० नंतर एकदम १०० येणार. हा कडा भरून काढायला खूप दातेरी लाटा लागतात आणि सगळी बचत वाया जाते. कोसाइनची पद्धत ठोकळ्याला आरसा लावते: १३० च्या शेजारी पुन्हा १३०, मग १२८. कडा नाहीच. गणित शिकलेल्यांसाठी आणखी एक वाक्य: शेजारी-शेजारी जोरदार सहसंबंध असलेल्या आकड्यांसाठी सैद्धांतिकदृष्ट्या सर्वोत्तम असं जे कारहुनेन-लोव्ह रूपांतर आहे, त्याच्या अगदी जवळ हे जातं, आणि वर त्यासाठी प्रत्येक चित्राची वेगळी आकडेमोड करावी लागत नाही.

आता खरी काटछाट. आलेले आकडे दुकानदार सुटे पैसे सोडून देतो तसे जवळच्या गोल आकड्याला आणतात. दातेरी लाटांच्या बाबतीत तर अगदी सढळ हाताने, कारण डोळ्याला तिथली चूक सहसा दिसत नाही. ६४ पैकी बहुतेक आकडे शून्य होतात आणि शून्यांची रांग फार थोड्या बिटांत लिहिता येते. चित्र धुरकट होतं ते इथे. बिट कमी मिळाले की गोळाबेरीज वाढते आणि ठोकळ्यांच्या कडा दिसू लागतात. बक्षीस समारंभात चमचमत्या कागदांचा पाऊस पडतो तेव्हा नीट बघा. प्रत्येक कपटा वेगळ्या दिशेने उडतो, हालचालीचा अंदाज पार फसतो, प्रत्येक ठोकळ्यात दातेरी लाटा येतात आणि चांगलं चाललेलं चित्र काही क्षण चिखल होतं. मुसळधार पाऊस आणि अंधारातली दृश्यं हीदेखील अशीच अवघड.

पाठवणाऱ्याकडे या कामाला भरपूर वेळ असतो. एक सिनेमा त्यांच्या सर्व्हरवर एकदा दाबून ठेवला की झालं. उलटं गणित मात्र तुमच्या स्टिकला चालत्या गाडीत करायचं असतं. ८ बाय ८ चे ठोकळे धरले तर फुल एचडीच्या एका चित्रात ३२,४०० ठोकळे होतात. फोर-केत १,२९,६००. सेकंदाला ६० चित्रांचा सामना असेल तर सेकंदाला ७७ लाखांवर ठोकळे. शिवाय एकाही ठोकळ्यात चूक चालत नाही, कारण पुढचं चित्र त्याच्यावर बांधायचं असतं. हे काम स्वस्त स्टिकमधल्या सर्वसाधारण प्रोसेसरला दिलं तर तो तापतो, अडखळतो, चित्रं गाळतो. म्हणून तेवढंच काम करणारं वेगळं सर्किट चिपमध्ये कोरतात. ते वीज कमी खातं आणि पटापट काम करतं, पण सॉफ्टवेअर अपडेटने त्याला नवी भाषा शिकवता येत नाही.

आणि भाषा, म्हणजे चित्र दाबायच्या ठरलेल्या पद्धती, तर बदलत राहिल्या. २००३ मध्ये एच.२६४ आला, त्यात ४ बाय ४ आणि पुढे ८ बाय ८ चे ठोकळे. २०१३ च्या एचईव्हीसीमध्ये ते ३२ बाय ३२ पर्यंत वाढले. गुळगुळीत आकाशासाठी मोठा ठोकळा, पापणीसाठी छोटा. एचईव्हीसी उत्तम होता, पण त्याच्या पेटंटांसाठी एका ठिकाणी नाही, तीन-तीन गटांकडे पैसे भरायची वेळ आली. त्याला वैतागून २०१५ मध्ये गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट वगैरे एकत्र आले आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा रॉयल्टी न लागणारा प्रकार बाहेर पडला. त्यात ठोकळे ६४ बाय ६४ पर्यंत जातात आणि कोसाइनच्या जोडीला आणखी काही लाटा येतात.

आता बॉक्सचा इतिहास भराभर. ॲपल टीव्ही २००७ मध्ये आला तेव्हा २९९ डॉलरचा होता आणि आत ४० जीबीची हार्ड डिस्क होती. आधी साठवा, मग बघा. खुद्द स्टीव्ह जॉब्ज त्या उत्पादनाला छंद म्हणत. मे २००८ मध्ये रोकूचा बॉक्स आला, जवळपास १०० डॉलरला आणि डिस्कशिवाय. तो मुळात नेटफ्लिक्सच्याच घरात तयार होत होता. आपण स्वतः बॉक्स विकला तर इतर कंपन्या त्यांच्या यंत्रांवर आपल्याला जागा देणार नाहीत, या भीतीने नेटफ्लिक्सने तो वेगळा काढून दिला. २०१३ मध्ये गूगलचा क्रोमकास्ट ३५ डॉलरला आला, पुढच्या वर्षी ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३९ डॉलरला. भारतात ती एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना मिळू लागली.

एवढ्या किमतीत नफा कुठून येणार? तो जाहिरातींतून आणि वर्गणीतल्या वाट्यातून. रोकूच्या अलीकडच्या ताळेबंदात यंत्रं विकण्याच्या धंद्यात चक्क तोटा दिसतो. अशा वेळी चिपमध्ये वाढलेला एक-एक डॉलर बोचतो.

२०२१ चं रोकू-गूगल भांडण याच जागी दुखत होतं. एप्रिलच्या अखेरीस रोकूच्या स्टोअरमधून यूट्यूब टीव्हीचं (गूगलच्या वर्गणीवाल्या टीव्ही सेवेचं) ॲप गेलं. गूगलच्या अटींमध्ये एव्ही१ चं सर्किट हवं, अशी एक अट असल्याची चर्चा होती, आणि त्याने आमची यंत्रं महाग होतील, असं रोकूचं म्हणणं होतं. शोधाचे निकाल आणि प्रेक्षकांची माहिती यावरूनही दोघांचं वाजलं होतं. डिसेंबरमध्ये समझोता झाला. यूट्यूबचा स्वार्थ उघड आहे: बिट वाचले की पाठवण्याचा खर्च वाचतो. गंमत अशी की गूगलने स्वतः २०२० मध्ये विकायला काढलेल्या फोर-के क्रोमकास्टमध्ये एव्ही१ चं सर्किट नव्हतं. ते आलं २०२२ च्या स्वस्त, फक्त एचडी असलेल्या क्रोमकास्टमध्ये. नियम दुसऱ्यांसाठी!

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे. तुमचा बॉक्स जोडला जातो तेव्हा तो सर्व्हरला सांगतो की मला अमुक भाषा कळते. एव्ही१ कळत नसेल तर सर्व्हर जुन्या भाषेतली प्रत पाठवतो, आणि तेवढ्याच बिटांत ती जास्त धुरकट असते. दुसरी अडचण कुलपाची. चोरी टाळण्यासाठी सिनेमा कुलूपबंद येतो. ते कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडण्याची सोय असेल, म्हणजे वाइडवाइन या गूगलच्या कुलूपपद्धतीचा एल१ हा वरचा दर्जा असेल, तरच नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी देतात. एल३ या खालच्या दर्जाच्या यंत्राला ४८० ओळींचंच चित्र मिळतं. बाजारात 'एट-के अँड्रॉइड बॉक्स' म्हणून जे बिननावाचे डबे मिळतात, त्यातले कित्येक एल३ चे असतात. खोक्यावर ८ चा आकडा केवढाही मोठा छापला तरी आत ४८० च. नवा बॉक्स घेताना रिमोट किती सुबक आहे हे नंतर बघा. आधी तपशिलात एव्ही१ आणि एल१ हे दोन शब्द शोधा.

हल्ली हा डीकोडर टीव्हीतच येतो, मग बॉक्स कशाला, असंही विचारतात. कंपन्यांनीही तेच ओळखून आपली सॉफ्टवेअर थेट टीव्हीत घातली आहेत. रोकूचे टीव्ही २०१४ पासून आहेत. पण टीव्ही आपण दहा वर्षं वापरतो आणि त्यातलं सर्किट त्याच्या निम्म्या काळात मागे पडतं. तेव्हा ४०-५० हजारांचा टीव्ही बदलण्यापेक्षा मागे चार-पाच हजारांची स्टिक लावणं शहाणपणाचं. एव्ही१ च्याही पुढचा एच.२६६ हा प्रकार २०२० मध्येच जाहीर झाला आहे, आणि दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक स्टिकमध्ये त्याचं सर्किट अजून नाही.